कान मिळाला, श्रवणाचे काय?

शासकीय योजनांच्या यशापयशाचा हिशेब मांडण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. किती धरणे बांधली, किती विहिरी खोदल्या, किती शस्त्रक्रिया पार पडल्या याचे आकडे वर्षअखेरीस प्रसिद्ध होतात. उद्दिष्ट गाठले गेले असेल तर समाधान व्यक्त होते आणि विषय तेथेच संपतो. धरणातले पाणी शेतात पोचले किंवा नाही हे पाहण्याचे काम दुसऱ्या खात्याचे असते, आणि त्या दुसऱ्या खात्याला ते आपले वाटत नाही. धरण आहे पण पोटचारी नाही, ही स्थिती वऱ्हाडातील वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. परंतु हीच स्थिती माणसाच्या कानाच्या बाबतीतही निर्माण होऊ शकते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी आलेले दिसत नाही. बहिऱ्या मुलांवर सरकारी खर्चाने होणाऱ्या ‘कॉक्लिअर इम्प्लांट’च्या शस्त्रक्रियांसंबंधी मी हे म्हणत आहे.

मी वैद्यक जाणणारा नाही. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारा मी एक प्राध्यापक आहे. मात्र माझ्या उजव्या कानामागे, कातडीखाली, असे एक यंत्र गेली तीन वर्षे आहे. तिशीनंतर माझे ऐकणे हळूहळू कमी होत गेले. साध्या श्रवणयंत्राने काही वर्षे निभावले; पुढे तेही निरुपयोगी ठरले. वर्गात कोणी प्रश्न विचारला की, ‘चिठ्ठीवर लिहून दे’ असे सांगण्याची पाळी आली. पहिल्या वर्षी विद्यार्थी चिठ्ठ्या लिहीत. दुसऱ्या वर्षी प्रश्नच बंद झाले. ज्या वर्गातून प्रश्न येत नाहीत तो बाहेरून शिस्तीचा दिसतो, आत उभ्या असलेल्या शिक्षकाला मात्र त्याची किंमत कळते. अखेरीस कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज काढून नागपूरला शस्त्रक्रिया करून घेतली. कर्ज फिटायला काही वर्षे लागतील, ऐकू मात्र दुसऱ्या महिन्यापासून येऊ लागेल, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची ठरली. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाची जी समजूत झाली तीच शासनाचीही झालेली असावी, अशी शंका मला तेव्हापासून येत आहे.

वीस-बावीस तारा

हे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट आवाज मोठा करीत नाही. आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक इवलीशी नलिका असते. तीत जवळपास पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात आणि ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूला समजणाऱ्या विद्युत्‌ संदेशांत रूपांतर होते ते त्यांच्यामुळे. या पेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत; मग कानाशी नगारा वाजविला तरी व्यर्थ. इम्प्लांटमध्ये या पेशींना वळसा घातला जातो. कानामागे अडकवलेला प्रोसेसर आवाज टिपतो, त्याची उंच-नीच पट्ट्यांत फोड करतो आणि कातडीपलीकडे बसविलेल्या भागाकडे रेडिओलहरींनी पाठवितो. तेथून शंखात सरकवलेल्या बारीक तारेवरील बारा ते बावीस विद्युत्‌ टोके श्रवणाच्या मज्जातंतूला थेट चेतवितात. पंधरा हजार पेशींचे काम वीस-बावीस टोकांनी भागवावयाचे, असा हा व्यवहार आहे.

या कल्पनेला इतिहासही मोठा आहे. विजेच्या घटाचा जनक व्होल्टा याने आपल्या दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्यांतून वीज सोडली आणि घट्ट रस्सा उकळावा तसा आवाज ऐकू आल्याची नोंद १८०० साली केली. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूला विद्युत्‌ चेतना देऊन पाहिली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी तो प्रयत्न पुढे नेला. १९७८ च्या ऑगस्टमध्ये मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी अनेक विद्युत्‌ टोकांचे यंत्र बसविले. क्लार्क यांचे वडील स्वतः कानांनी अधू होते. मुलाच्या आयुष्याची दिशा त्यातूनच ठरली. इतक्या थोड्या टोकांनी मानवी बोलणे समजणे अशक्य आहे, असे त्या काळी अनेक तज्ज्ञांचे मत होते. ते मत खोटे पडले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि ब्लेक विल्सन यांना २०१३ साली लास्कर पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांनी या शस्त्रक्रियेत केलेले काम सर्वश्रुत आहे. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

तज्ज्ञांचा अंदाज का चुकला? त्यांनी तारा मोजल्या, मेंदूला मोजले नाही. अपुऱ्या, तुटक संदेशांतून अर्थ जुळविण्याची मेंदूची शक्ती त्यांच्या हिशेबात आली नाही. परंतु मेंदू हे काम फुकट आणि आपोआप करीत नाही. त्याला शिकवावे लागते, आणि या शिकविण्याला वेळ, माणसे व पैसा लागतो.

पुन्हा मुळाक्षरे

शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर, साधारण महिनाभराने, यंत्र प्रथम सुरू करतात. त्या दिवशी माझ्या कानी जे पडले त्याला मी आवाज म्हणू शकलो नाही. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे काहीसे होते. पत्नी समोर बसून बोलत होती आणि तिचे ओठ हलताना दिसत होते. त्या गारा म्हणजेच तिचे बोलणे आहे हे मला तर्काने समजून घ्यावे लागले. परतीच्या एस. टी.त कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि गाडी हलली. असे चार-पाच थांब्यांवर झाल्यावर, ‘ही घंटी’ एवढे मला कळले. पुन्हा ऐकण्याच्या या शाळेत माझा पहिला धडा तोच.

नंतरचे धडे रीतसर होते. रोज सकाळी सहा ध्वनी ओळखावयाचे: आ, ई, ऊ, म, श, स. मग वार, महिने, आकडे. माझी मुलगी पाठीमागे उभी राहून वर्तमानपत्रातील बाजारभाव वाचत असे आणि मी ते कागदावर उतरवून घेत असे. सोयाबीन, तूर, हरभरा हे शब्द लवकर ओळखू येऊ लागले, पण आकड्यांनी फार छळले. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील अंतर अर्थशास्त्राच्या शिक्षकाला सांगावयास नको. परंतु कित्येक आठवडे माझ्या कानाला ते दोन्ही सारखेच होते. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘दर’ आणि ‘धर’ यांचीही तीच गत. त्यात आणखी एक अडचण अशी की, बहिरेपणाच्या वर्षांत माणूस नकळत ओठांवरून बोलणे वाचायला शिकलेला असतो. ही विद्या अपुरी आहे, कारण प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात; पण तिची सवय सुटत नाही. म्हणून पत्नी तोंडापुढे सूप धरून बोलत असे. घरात आलेल्या पाहुण्यांना या प्रकाराचे नवल वाटे.

मधूनमधून नागपूरला जाऊन यंत्राची जुळणी करून घ्यावी लागे. प्रत्येक विद्युत्‌ टोकाला किती प्रवाह दिला असता आवाज जेमतेम कळतो आणि किती दिला असता तो सोसवेनासा होतो, हे श्रवणतज्ज्ञ ठरवितात. जसजसा मेंदू सरावतो तसतशी ही मापे बदलतात. म्हणजे एका फेरीत काम भागत नाही. मानोऱ्याला रेल्वे नाही, आणि नागपूर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. जाण्यायेण्यात दोन दिवस मोडत. शेवटच्या बाकावरून आलेला प्रश्न चिठ्ठीवाचून समजला, तेव्हा शस्त्रक्रियेला चौदा महिने होऊन गेले होते. आजही प्राध्यापककक्षात तिघे एकदम बोलू लागले की माझ्या पदरात काही पडत नाही, आणि गाण्याचा ताल कळला तरी सूर परकाच वाटतो. मात्र वर्गात पुन्हा प्रश्न येतात. मला याहून अधिक नको आहे.

आता या चौदा महिन्यांचा हिशेब करू. रुग्णालयाच्या बिलात यंत्राची किंमत होती, शस्त्रक्रियेचा खर्च होता. पत्नीने व मुलीने रोज दिलेला तासाभराचा वेळ, माझ्या रजा, प्रवास आणि वाचा-उपचारतज्ज्ञांची फी यांचा त्यात उल्लेख नव्हता. तरी माझ्याजवळ एक मोठी शिल्लक होती: चाळीस वर्षे ऐकलेली मराठी भाषा. नवे, विचित्र आवाज मला जुन्या ठेवीशी पडताळून पाहावयाचे होते, एवढेच. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या खात्यावर अशी कोणतीच ठेव नसते. त्याला पुन्हा शिकावयाचे नसते. आवाज म्हणजे काय येथपासून पहिल्यानेच शिकावयाचे असते. शिवाय त्याला मुदतही ठरलेली असते. अनु शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसलेल्या मुलांच्या मेंदूचा श्रवणविभाग बहुधा नेहमीसारखा विकसित होतो. सात वर्षांनंतर बसविल्यास तसा विकास क्वचितच दिसतो. म्हणजे वाया गेलेले वर्ष पुढे भरून काढता येत नाही.

तांड्यावरचे मूल

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिव्यांगांना साधने पुरविण्याच्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ च्या सुधारणेने वर्षाला पाचशे बालकांना इम्प्लांट देण्याची आणि त्यासाठी प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद झाली; पुढे ही मर्यादा वाढविण्यातही आली. मुंबईची १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाचे सूत्रसंचालन करते. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रशिक्षणाचा विचार योजनेत आहे, पण तो ठरावीक काळापुरता, आणि ते प्रशिक्षण मिळते मोठ्या शहरांत. मजुराच्या मुलाला लाखो रुपयांचे यंत्र विनामूल्य मिळते, ही गोष्ट तीस वर्षांपूर्वी कोणाला खरी वाटली नसती. त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. अडचण यापुढे सुरू होते.

अकोल्याला वाचा-उपचारासाठी जाताना माझ्याच गाडीत आमच्या तालुक्यातील एका तांड्यावरचे कुटुंब काही महिने असे. मुलगा चार वर्षांचा, सरकारी योजनेतून इम्प्लांट झालेला. अकोला आमच्यापासून शंभर किलोमीटरांच्या आसपास. एका फेरीला आईबापांची दोन दिवसांची मजुरी बुडे, वर तिकिटाचा खर्च. दिवाळीनंतर ते दिसेनासे झाले. पुढे बापाची गाठ बाजारात पडली तेव्हा मी मुलाची चौकशी केली. तो म्हणाला, ‘मशीन पेटीत ठेवलं सर. हरवलं तं भरून कुठून द्यावं?’ दोघे नवराबायको मजुरीसाठी बाहेरगावी गेले होते. यंत्राची तार तुटली होती. नवी कोठे मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि मूल रानात खेळताना यंत्र हरवील ही धास्ती तर पहिल्या दिवसापासूनच होती. सरकारी कागदोपत्री हे मूल यशस्वी शस्त्रक्रियांत मोजले गेलेले आहे. ते ऐकत मात्र काहीच नाही.

तार तुटण्याचा अनुभव मलाही आहे. माझ्या प्रोसेसरची तार एका पावसाळ्यात निकामी झाली, आणि नवी तार हाती यायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे मी पुन्हा चिठ्ठ्यांवर काढले. पण मी चाळिशी ओलांडलेला माणूस. पाच आठवड्यांनी माझी भाषा पुसली जात नाही. ज्या मुलाचा मेंदू रोज नवे शब्द टिपण्याच्या वयात आहे, त्याचे पाच महिने गेले तर काय जाते, याचा विचार वाचकांनीच करावा.

या हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे. मानोरा तालुक्यात बंजारा वस्ती मोठी. या समाजाचे श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी येथलीच. तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोलली जाते. त्या मुलाच्या आईला कोणीतरी सल्ला दिला होता की, मुलाशी सतत बोला, पण मराठीतच बोला. तिची मराठी बाजारहाटापुरती. मराठीत मुलाशी काय बोलावे हे तिला सुचेना, आणि गोरमाटीत बोलायचे नाही असे सांगितलेले. त्यामुळे ती बोलेनाशीच झाली. बहिऱ्या मुलाला कान मिळाला आणि त्याच महिन्यात आईचे बोलणे बंद पडले! सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. परंतु मूल भाषा शिकते ती आईच्या अंगाईतून, रागावण्यातून, चुलीपुढच्या बडबडीतून. आणि ही बडबड ज्या भाषेत होते तीच त्याची पहिली भाषा होऊ शकते. मराठी शाळेत येईलच.

पूरक वस्तूंचा धडा

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही पूरक वस्तू शिकवितो. लेखणी आणि शाई, गाडी आणि बैल: एकीवाचून दुसरीचा उपयोग शून्य. इम्प्लांट आणि त्यानंतरचे प्रशिक्षण या तशाच वस्तू आहेत. अमर्त्य सेन यांनी १९७९ पासून सातत्याने मांडलेला विचारही हेच सांगतो की, वस्तू हाती असणे निराळे आणि त्या वस्तूच्या बळावर काही करता येणे निराळे. अपंग माणसाच्या बाबतीत या दोहोंतील अंतर अधिक असते, म्हणून समाजाने तेथे अधिक खर्च केला पाहिजे. आपल्या अंदाजपत्रकाची प्रकृती मात्र उलट आहे. भांडवली खर्चाचे उद्‌घाटन करता येते, छायाचित्र निघते. दर आठवड्याच्या शिकवणीचे, बॅटरीचे आणि तारेचे उद्‌घाटन करता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. ज्या जिल्ह्याची केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित, म्हणजे साध्या भाषेत मागास, जिल्ह्यांत गणना केली, तेथे एका मुलावर एवढा पैसा खर्च करणे परवडते काय? त्याच रकमेत कितीतरी मुलांच्या वाहत्या कानांवर उपचार होतील, आणि वाहता कान हेही बहिरेपणाचे मोठे कारण आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. कान फुटलेल्या मुलांवर वेळीच उपचार झाले पाहिजेत आणि प्रत्येक नवजात बालकाची श्रवणचाचणी झाली पाहिजे. या गोष्टी तुलनेने अल्प खर्चात होण्याजोग्या आहेत. पण आक्षेपाचा रोख खरे तर माझ्याच बाजूचा आहे. पैसा दुर्मीळ आहे म्हणूनच, लाखो रुपये घालून झाल्यावर काही हजारांसाठी ते बुडू देणे हा सर्वांत महागडा मार्ग होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या अहवालात, बहिरेपणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जगाचे दरवर्षी सुमारे ९८० अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज दिला आहे. पेटीत बंद असलेले यंत्र त्या नुकसानीत आपली भर घालीत असते.

प्रत्येक बहिऱ्या मुलाला इम्प्लांट हाच एक मार्ग आहे, असेही मला म्हणावयाचे नाही. ज्यांना ते शक्य नाही, अथवा ज्यांचे वय निघून गेले आहे, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा हे पूर्ण आणि सन्मानाचे माध्यम आहे. त्या मुलांच्या शाळांकडेही तितकेच लक्ष हवे. परंतु ज्या मुलाच्या कानात शासनाने यंत्र बसविले, त्याला ते वापरायला शिकविण्याचे दायित्व शासनाने पत्करलेले आहे, एवढे तरी मान्य व्हावे.

मग काय करावे? केरळने २०१२ मध्ये ‘श्रुतितरंगम्‌’ योजनेतून बालकांना इम्प्लांट देण्यास आरंभ केला. काही वर्षांनी जुन्या प्रोसेसरांच्या दुरुस्तीचा आणि बदलाचा प्रश्न उभा राहिला, आणि तोही भार राज्याला उचलावा लागला. तो अनुभव समोर असताना आपण त्याच वाटेने ठेचकाळत जाण्याचे कारण नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर त्या मुलाच्या नावे किमान दहा वर्षांची दुरुस्ती-देखभालीची तरतूद बाजूला काढून ठेवावी, आणि यंत्र हरवल्यास अथवा बिघडल्यास आईबापांना धास्ती वाटू नये असा विमा तीत असावा. तारा, बॅटऱ्या आणि सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावेत. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे; तेथे श्रवणतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांची पदे भरावीत आणि त्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावे. बाजाराच्या दिवशी मजूर गावात येतोच. त्याची मजुरी वेगळी बुडत नाही. अंगणवाडी सेविकांना सहा ध्वनींची ती साधी चाचणी शिकविली तर यंत्र चालू आहे की बंद, हे तांड्यावरच कळेल. मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे मूल ज्या जिल्ह्यात जाईल तेथे त्याला उपचार मिळावेत. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा नियम आहेच. त्यातून बॅटरीचा खर्च सहज निघेल.

यांपैकी एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. ती करण्यासाठी नवे खाते लागत नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केलेलाच आहे. त्या विभागाकडे माझी मागणी एका रकान्याची आहे. वर्षअखेरीस किती मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या हा आकडा तर छापावाच. त्याच्याशेजारी, तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी आज किती मुले यंत्र लावतात, आणि आईने पाठीमागून हाक मारली असता किती मुले वळून पाहतात, हाही आकडा छापावा. त्या रकान्यात पेटीत बंद असलेली यंत्रे आपोआप मोजली जातील. आमच्या तांड्यावरचे ते मूल आता सहा वर्षांचे होईल. मुदत अजून अगदीच संपलेली नाही. पण ती कोणासाठी थांबून राहणारीही नाही.